मोंतेव्हाराचा लाल रस्ता

जगदाळे काकू मोंतेव्हाराच्या अगदी माथ्यावर, स्वतःच्या पायांनी, कुणाचाही हात न धरता चढून गेल्या.

आता हे विसरून जा. असं काही झालेलं नाही. काकू चढल्या नाहीत, मी त्यांच्याबरोबर नव्हतो, आणि ज्या रस्त्यावर तिथल्या पालिकेने दर दहा पावलांना एकेक लाल बूट रंगवून ठेवलाय तो रस्ता बहुधा इटलीतच नाही. आमच्या त्या सहलीतल्या कुणालाही विचारा. हेच सांगतील, आणि सांगताना हात जोडतील.

तर जे झालं नाही, ते असं झालं.

"गुंजाळ, लिफ्ट बंद आहे," खरवंडीकर सर म्हणाले. ते आमच्या कंपनीचे टूर मॅनेजर. मी त्यांचा असिस्टंट. म्हणजे बसमध्ये माणसं मोजायची, चिवड्याची पाकिटं वाटायची, आणि दर गावात सगळ्यात आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते शोधायचं. गावाचा इतिहास सर सांगायचे. बाकी सगळा भूगोल माझ्याकडे.

मोंतेव्हारा हे टेकडीच्या डोक्यावर बसवलेलं जुनं गाव. खाली वाहनतळ, वर चौक, आणि मधे खडक पोखरून केलेली लिफ्ट. लिफ्टच्या दारावर हाताने लिहिलेला कागद लावला होता: 'ग्वास्तो'. म्हणजे बिघडली आहे. कधी दुरुस्त होईल ते लिहिलं नव्हतं, आणि कागदाचा रंग पाहता तो बराच जुना कर्मचारी असावा.

चालत जायचे तीन मार्ग होते. पालिकेने जमिनीवर बूट रंगवून ते दाखवले होते. पिवळे बूट टेकडीला वळसे घालत घालत, कसलीही घाई नसल्यासारखे वर जात. निळे जरा चढाचे. आणि लाल सरळ वर. घरांच्या मधून दगडी जिनाच, रस्ता म्हणायला नावापुरता.

"सर्वांनी पिवळा!" सर ओरडले. "ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी इथेच सावलीत थांबा. गुंजाळ थांबेल सोबत."

गुडघ्यांचा त्रास निम्म्या बसला होता. पण युरोपात पैसे भरून आलेला माणूस गुडघे कबूल करत नाही. थांबल्या फक्त जगदाळे काकू. त्या थांबल्याही नाहीत खरं तर. त्यांना थांबवलं.

"आई, तू बस इथे," त्यांचा मुलगा संग्राम म्हणाला. "आणि पिशव्या बघ सगळ्यांच्या."

हे पहिल्या दिवसापासून चाललं होतं. जिथे चार पायऱ्या दिसल्या तिथे काकूंना बाकावर बसवायचं आणि अख्ख्या गटाने आपापल्या पिशव्या, जर्किनं, छत्र्या, एकाने तर काढून ठेवलेली कवळी, त्यांच्या हवाली करायची. काकूंनी इटली पाहिली ती अशी: प्रत्येक गावाचा पार्किंगचा भाग, सविस्तर.

"मी येते की," काकू म्हणाल्या. "हा काय अजिंक्यतारा आहे का?"

काकू साताऱ्याच्या. किल्ल्याच्या पायथ्याशी, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत राहायच्या. कित्येक वर्षं रोज सकाळी अजिंक्यतारा चढून मग चहा प्यायच्या. गेल्या दिवाळीत चकल्यांच्या तेलावरून घसरून त्यांचं मनगट मोडलं. त्यावर घरच्यांनी त्यांचे पाय बंद केले. हा उपचार कुठल्या डॉक्टरने सांगितला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"ऐका, ऐका!" संग्राम सगळ्यांकडे वळून हसला. "दिवाळीत मनगट मोडून घेतलंय, आणि म्हणे येते!"

"मनगटाने चढतात का रे?"

"आई, तू ज्या दिवशी असा डोंगर चढशील ना, त्या दिवशी फ्लॅटचे कागद फाडून टाकतो. जा. सगळ्यांसमोर सांगतो."

सगळे हसले. कागदांचं सगळ्यांना माहीत होतं, कारण सूनबाईंनी, ऋतुजा वहिनींनी, ते दुसऱ्याच दिवशी बसच्या माईकवरून सांगितलं होतं. साताऱ्याच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालंय, घरी गेल्यावर आईंची सही झाली की त्या कायमच्या पुण्याला, बावधनला. ही सहल म्हणजे त्याचीच भेट. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी सूनबाईंची पिशवी मांडीवर घेतली.

गट पिवळ्या बुटांवरून निघाला. पहिल्याच वळणावर थांबला, कारण तिथे एक मांजर होतं आणि त्याचे फोटो काढणं भाग होतं.

"पोरा," काकू म्हणाल्या.

"बोला, काकू."

"तो कागद फाडतो म्हणाला ना?"

"म्हणाला."

"सगळ्यांसमोर?"

"माईक नव्हता, पण सगळ्यांसमोरच."

"मग ऊठ."

मला दोन नियम होते. प्रवाशाला एकटं सोडायचं नाही आणि सामान एकटं सोडायचं नाही. दोन्ही एकाच वेळी मोडू नयेत म्हणून मी सगळ्या पिशव्या आमच्या ड्रायव्हरच्या ताब्यात दिल्या. जेन्नारो त्याचं नाव. त्याने त्या बसच्या डिकीत टाकल्या, कुलूप लावलं आणि जेवायला गेला.

"काकू, तुमचा फोन पण गेला आत."

"जाऊ दे. त्यात संग्रामशिवाय कोणी नसतं."

मी सहलीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'जगदाळे काकू आणि मी लाल रस्त्याने वर येतोय. चौकात भेटू.' लगेच त्याच्याखाली मांजराचा फोटो आला. मग दुसऱ्या बाजूने मांजर. मग मांजराबरोबर एकेक कुटुंब.

लाल रस्ता अरुंद होता. दोन्हीकडे जाड दगडी भिंती, वर दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, उंबऱ्याशी तुळशीसारखी जपलेली कसलीतरी कुंडी. काकूंनी ओढणी कमरेला खोचली आणि पायऱ्या तिरक्या कापत चढायला लागल्या. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मी जवान असल्यामुळे सरळ चढलो आणि तिसऱ्या बुटाशी बसलो.

"काय झालं?"

"देखावा बघतोय."

"भिंत आहे ती."

"जुनी आहे ना पण."

"सिगारेट ओढतोस का?"

"नाही."

"मग ओढायचीस तरी. काहीतरी कारण मिळालं असतं."

आम्ही चढत राहिलो. रेंज कधीच गेली होती. मधेच मी विचारलं, "काकू, बावधनला वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही. लिफ्ट आहे. बाग आहे. ज्येष्ठ लोकांचा क्लब आहे, रोज संध्याकाळी गोल उभं राहून टाळ्या वाजवतात."

"कशाबद्दल?"

"तब्येतीला चांगलं असतं म्हणे." त्या एका पायरीवर थांबल्या, दमून नव्हे, राग आल्यामुळे. "संग्राम वाईट नाही रे. मला बोट लावू देत नाही कशाला. चहासुद्धा हातात आणून देतात. मी चहा करायला उठले की दोघं पळत येतात, घराला आग लागल्यासारखे. माझ्या घरी मी उठते, चढते, उतरते, भाजीवाल्याशी भांडते. ते घर गेलं की मी पाहुणी. मरेपर्यंत पाहुणी. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग बसू नकोस, चढ."

वरून एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन उतरत होती. काळा झगा, पायात मुलांचे स्पोर्ट्स शूज. आमच्यापाशी थांबून तिने काकूंना आपादमस्तक पाहिलं आणि माथ्याकडे बोट केलं.

"हो, वरपर्यंत," काकू मराठीत म्हणाल्या.

म्हातारी इटालियनमध्ये बरंच काही बोलली. काकू मराठीत बरंच काही बोलल्या. दोघींनी एकमेकींचे बूट पाहिले. शेवटी म्हातारीने काकूंच्या दंडावर थोपटलं, "ब्राव्हा," आणि गेली.

"काय म्हणाली?"

"शाब्बास म्हणाली."

"तिला म्हणावं, खाली जाऊन सांग."

चौक आला तेव्हा मी भिंतीला धरून होतो आणि काकू मोकळ्या हातांनी उभ्या होत्या. कारंजं, देवळासारखं मोठं चर्च, चारी बाजूंनी खाली पसरलेली दरी. लोक हे बघायला जगभरातून येतात. काकूंनी यातलं काही पाहिलं नाही. त्या कठड्याशी गेल्या आणि पिवळा रस्ता जिथे वर येतो तिकडे बघत राहिल्या.

"कुठंयत?"

"येतील. मांजरं लागली असतील वाटेत."

मी त्यांचा फोटो काढला. कारंज्यासमोर, कमरेला ओढणी, कुस्ती जिंकल्यासारख्या. आईस्क्रीम आणलं. वाट पाहिली. पिवळ्या रस्त्याने जर्मन आले, जपानी आले, शाळेची एक सहल आली. आमचं एकही माणूस आलं नाही.

मग फोन वाजला.

"गुंजाळ! कुठे आहेस तू? जगदाळे काकू हरवल्यात!"

"सर, त्या माझ्या शेजारी बसल्यात. पिस्त्याचं आईस्क्रीम खातायत."

"मस्करी नको!"

"मस्करी नाही सर, पिस्ताच आहे."

"कुठे आहात?"

"वर. चौकात."

सर म्हणाले, "वर कशा जातील त्या?"

"चालत."

"हलू नका. आहात तिथेच थांबा. घाबरू नका. काकूंना पाणी द्या."

झालं होतं असं. काकूंनी दुपारची गोळी घेतली का हे विचारायला संग्रामने निम्म्या वाटेवरून फोन केला. फोन डिकीत वाजला. परत केला. परत डिकीत वाजला. मग अख्खा गट पिवळ्या रस्त्याने मागे फिरला. त्यांनी वाहनतळ पाहिला, दोन्ही स्वच्छतागृहं पाहिली, शेजारचं सुपरमार्केट पाहिलं, आईस्क्रीमच्या फ्रीझरचं झाकणसुद्धा कुणीतरी उघडून पाहिलं. खाली जेवढं म्हणून होतं तेवढं सगळं पालथं घातलं. वर कुणीही पाहिलं नाही. डॉक्टर होते त्यात, दोन इंजिनिअर होते, एक निवृत्त न्यायाधीश होते. माझा मेसेजही कुणी वाचला नाही. तो मांजराखाली होता.

काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा हसू फुटलं. "म्हणजे आपण जिंकलो की रे. आता खाली जाते आणि सांगते."

आम्ही उठलोच होतो, तेवढ्यात नारिंगी कपड्यांतली दोन पोरं स्ट्रेचर घेऊन चौकात धावत आली. ऋतुजा वहिनींनी खाली लिफ्टच्या तिकीट-खिडकीत जाऊन रडत रडत 'ओल्ड, मदर, लॉस्ट' एवढं सांगितलं होतं आणि वर बोट दाखवलं होतं. खिडकीतल्या माणसाने अँब्युलन्सला फोन केला होता. अँब्युलन्स चौकात शिरत नाही म्हणून पोरं गावच्या वेशीपासून पळत आली होती. घामाने निथळत होती.

"पेशंट?" एकाने विचारलं.

"पेशंट नाही," मी म्हणालो.

त्यांनी काकूंचं ब्लडप्रेशर घेतलं. एकमेकांना दाखवलं. मग माझ्याकडे बघून माझंही घेतलं आणि मला खाली बसवलं.

"ही पोरं कशाला आलीत?" काकूंनी विचारलं.

"तुम्हाला न्यायला. काकू, गरज नाही. मी सांगतो त्यांना, आपण चालत उतरू."

काकू त्या पोरांकडे बघत होत्या. एकाचं तोंड लालबुंद झालं होतं. दुसरा स्ट्रेचरच्या दांड्याला टेकून धापा टाकत होता.

"एवढ्या उन्हात आलीत? हे ओझं घेऊन?"

"काकू, ते त्यांचं कामच आहे. नको."

"अरे, एवढी धावत आलीत. त्यांना मोकळं कसं परत पाठवायचं?"

त्यांनी कुर्त्याच्या खिशातून कंदी पेढ्याची पुडी काढली आणि दोघांच्या हातावर एकेक ठेवला. पोरांनी तो आधी औषध असल्यासारखा घेतला, मग दुसरा मागितला.

"बसून येते म्हणावं मी."

पोरं म्हणाली, नियम आहे. आडवं व्हावं लागेल, पट्टे लावावे लागतील.

"काकू, ऐका माझं. झोपू नका त्याच्यावर."

"तू गप रे. घरी आलेल्या माणसाला—" त्या थबकल्या. घर त्यांचं नव्हतं, गाव त्यांचं नव्हतं. तरीही त्या स्ट्रेचरवर झोपल्या. पट्टे लावताना त्या पोराला त्यांनी स्वतः हात वर करून मदत केली.

मी आजही त्या क्षणापाशी येतो आणि मला कारंज्यात डोकं बुडवावंसं वाटतं. डोंगर चढून गेलेली बाई, दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून, आडवी होऊन उतरली.

खाली अँब्युलन्सचं दार उघडलं. आधी काकूंचे बूट बाहेर आले, मग काकू. संग्राम हंबरडा फोडून धावला. खरवंडीकर सरांनी दोन्ही हात वर करून गटाला सांगितलं, "सापडल्या! सापडल्या!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बावधनच्या क्लबला लाजवतील अशा.

काकूंनी पट्ट्यातून मान उचलली. "संग्राम. मी चढले. फाड कागद."

"हो आई, हो. शांत हो."

"शांत काय? चढले मी. हा होता माझ्याबरोबर. विचार त्याला."

"हो हो. फाडतो. तू झोप आधी." आणि त्या नारिंगी पोराकडे वळून, इंग्रजीत, हळू आवाजात: शी इज कन्फ्यूज्ड.

"दादा," मी म्हणालो, "त्या कन्फ्यूज्ड नाहीत. त्या लाल रस्त्याने चढून गेल्या. मी पूर्ण वेळ बरोबर होतो. त्यांच्यापेक्षा माझी हालत वाईट होती."

"तू तर बोलूच नकोस!" संग्राम ओरडला. "सत्तरीच्या बाईला घेऊन कुठे भटकत होतास?"

"भटकत नव्हतो! बूट रंगवलेत जमिनीवर, दर दहा पावलांना! त्या रस्त्यावर हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही! तुम्हीच म्हणालात ना सगळ्यांसमोर, डोंगर चढलीस तर कागद फाडतो?" मी गटाकडे वळलो. "म्हणाले की नाही?"

गट अँब्युलन्सचे फोटो काढत होता. निवृत्त न्यायाधीशांनी चष्मा पुसायला घेतला.

"ते चेष्टेत होतं," ऋतुजा वहिनी म्हणाल्या.

"मग चढणं पण चेष्टेत होतं का?"

"गुंजाळ, पुरे," सर म्हणाले. "तूसुद्धा हरवला होतास."

"सर, मी मेसेज टाकला होता!"

"हरवलेली माणसं टाकतात कधीकधी मेसेज."

मी फोटो दाखवला. कारंजं, ओढणी, कुस्ती. तो हातोहात फिरला, आणि प्रत्येकाने तो बघून 'अरेरे' केलं. "बघा, कुठल्या कुठे जाऊन बसल्या होत्या बिचाऱ्या," कुणीतरी म्हणालं. संग्रामने तो माझ्याकडून मागून घेतला आणि तिथूनच कऱ्हाडच्या मामाला पाठवला.

काकूंनी हे सगळं पाहिलं. त्या आणखी एकदा काहीतरी बोलायला गेल्या, आणि मग बोलल्या नाहीत. कारण जितकं जोरात सांगावं तितकं ते वेड्यासारखं दिसत होतं, हे त्यांना माझ्या आधी कळलं.

उशीर झाल्यामुळे मोंतेव्हारा रद्द झालं. आमच्या बसमधल्या फक्त दोघांनी ते गाव पाहिलं, आणि ते दोघेही हरवलेले होते. संध्याकाळी सरांनी ग्रुपवर टाकलं: 'श्रीमती जगदाळे सुखरूप सापडल्या. सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार.' खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. त्या निवेदनात माझं नाव नव्हतं. त्यामुळे कंपनीच्या लेखी मी अजून हरवलेला आहे. पुण्यात उतरल्यावर नोकरी गेली, ती त्यामुळे मी मनावर घेतली नाही. जो सापडलाच नाही त्याला काढणार कसं?

यानंतर चारेक वर्षांनी मी बावधनला काकूंकडे गेलो. अकरावा मजला. वर जाताना लिफ्टमध्ये मंद संगीत होतं. संग्रामने दार उघडलं, मला ओळखलं, आणि तरी आत घेतलं. माणूस वाईट नाही, हे काकू म्हणाल्याच होत्या. त्याने मला चहा दिला, काकूंना चहा दिला, आणि काकूंचा कप त्यांच्या हातात नीट बसलाय ना ते बघून आत गेला.

"सही केलीत?" मी विचारलं.

"केली."

"का?"

"कऱ्हाडहून भाऊ आला. बहिणी आल्या. सगळ्यांच्या फोनवर तो फोटो. इटलीत हरवते ती बाई साताऱ्यात एकटी कशी राहणार, म्हणाले." त्यांनी कप खाली ठेवला. "गुडघ्यांचं उत्तर माझ्याकडे होतं रे. मी चढून दाखवलं. आता डोकं ठिकाणावर आहे, हे काय चढून दाखवू?"

मी चहाचा कप उचलला आणि परत खाली ठेवला.

मग त्या म्हणाल्या, "ती पोरं बरी असतील ना?"

"कुठली?"

"नारिंगी कपड्यातली. उन्हात आली होती बिचारी."

मी चहा तसाच ठेवून निघालो. लिफ्ट न घेता जिन्याने उतरलो. त्याने काही साधलं नाही, पण त्या लिफ्टमधलं संगीत मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

सबब, मोंतेव्हारा पालिकेच्या माननीय महापौरांच्या सेवेशी मी खाली सही करणारा सविनय अर्ज करतो की, श्रीमती शकुंतला जगदाळे, मूळ राहणार सातारा, या आपल्या हद्दीत कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी आणि कोणत्याही रंगाच्या रस्त्यावर हरवलेल्या नव्हत्या, असा दाखला आपल्या शिक्क्यानिशी व शक्यतो मराठीत मिळावा. तो कऱ्हाडच्या मामांसह सर्व नातेवाइकांना बंधनकारक करण्यात यावा. आणि त्याच्या आधारे साताऱ्याचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यात सध्या राहणाऱ्या कुटुंबाची अन्यत्र सोय करून, श्रीमती जगदाळे यांना जिन्यासकट परत देण्याचे आदेश संबंधितांस व्हावेत, ही विनंती.